पेढीवरचं टिंब

"तुम्ही हातानं अक्षरं काढता ना?" बाईंनी विचारलं.

माझ्या मागं फ्लेक्सचं मशीन खडखडत होतं. त्यातून एका पैलवानाचा वाढदिवस बाहेर येत होता. कमरेपर्यंत आला होता.

"मॅडम," मी म्हटलं, "सांगलीत हातानं अक्षर काढणारा एकच शिल्लक आहे. जंबू चौगुले. म्हणजे मीच."

बाईंनी पिशवीतून एक जाड कागद काढला, काउंटरवर पसरला. "मग एक 'श्री' काढून दाखवा."

आता आली का पंचाईत! आठ वर्षं ब्रशला हात लावला नव्हता. माळ्यावरनं डबा काढला तर ब्रश वाळून खारकेसारखे झालेले. एक टर्पेंटाइनमध्ये बुडवून कसाबसा मऊ केला, आणि 'श्री'ला हात घातला. गाठ आली, पोट आलं, पण वेलांटी घेताना हात असा थरथरला की वेलांटी म्हणजे पावसात भिजलेल्या मांजराची शेपटी. मी पटकन म्हटलं, "ही जरा मॉडर्न स्टाइल आहे."

"छान आहे. मी कळवते," बाई म्हणाल्या.

पुण्याची माणसं 'छान आहे, कळवते' म्हणाली की समजायचं, कळवणार नाहीत. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळून विचारलं, "वसंत लोहार कुठं राहतात?"

पैलवान तोवर गुडघ्यापर्यंत आला होता. मी मशीन बंद केलं. म्हटलं, "वशा होय? कोल्हापूरला गेला. कायमचा." बाईंनी मान हलवली, आणि बाहेर रिक्षावाल्याला तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "बसा की, सोडतो."

वशा आणि मी एकाच मास्तरांचे चेले. शिकलगार मास्तर. गावातली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरांनी ओळखली जायची. आम्ही दोघं चौदाव्या वर्षापासून त्यांच्याकडं. मी जलद, वशा गोगलगाय. मी दिवसात तीन पाट्या उडवायचो, वशा तीन दिवसांत एक. मास्तर माझ्या पाटीला 'हं' म्हणायचे. वशाच्या पाटीपुढं मात्र बिडी पेटवून उभे राहायचे, बिडी संपेपर्यंत. मी पंचवीस वर्षांत एकदाही पूर्ण बिडी मिळवली नाही. अर्धीवर विझवायचे.

मग फ्लेक्स आला. मी पहिल्याच वर्षी मशीन घेतलं. वशा ब्रश धरून बसला आणि झिजत गेला. गाड्यांच्या नंबरप्लेटी, शाळेच्या भिंतीवर 'पाणी वाचवा'. मी त्याच्या घरावरनं जाताना मुद्दाम हॉर्न वाजवायचो. मला वाटायचं, चला, हिशेब मिटला. जिंकलो.

आणि आता ह्या केतकरबाई.

त्या इमारती दुरुस्त करायच्या. पाडून नव्या बांधायच्या नाहीत, जुन्या होत्या तशा करायच्या. हत्तरगींची पेढी त्यांनी हातात घेतली होती. हळदीच्या बाजारातली ती दुमजली इमारत तुम्ही आज बघाल तर वाटेल, हे कायम असंच होतं. तेव्हा मात्र तिची अवस्था बघवत नव्हती. दगडी कमानींवर सिमेंट थापलेलं, सागवानी खांबांना हिरवा ऑइलपेंट, वरच्या गॅलरीच्या लोखंडी नक्षीत प्लास्टिकचे पत्रे, आणि आत चाळीस गाळे, एकेकाच्या तोंडावर मी छापलेला फ्लेक्स. बाईंनी सगळं सिमेंट खरवडलं. दारात चुन्याची घाणी बसवली. चुन्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. हमाल म्हणायचे, भिंतीला गूळ आणि आम्हाला बिनसाखरेचा चहा, काय पण न्याय!

दर्शनी भिंतीवरचे रंगाचे सात थर बाईंनी स्वतः सुरीनं सोलले. खाली जुनी अक्षरं निघाली. फिकट, पण निघाली. वरच्या ओळीत 'शिवरुद्राप्पा बाळाप्पा हत्तरगी यांची पेढी'. खाली 'येथें हळद व गूळ यांचे सवदे होतात'. 'येथें'च्या डोक्यावर टिंब, जुन्या काळी लिहायचे तसं. बाईंनी सगळ्यांना बजावलं, एका टिंबालाही धक्का लावायचा नाही, होतं तसंच परत काढायचं. फक्त 'पेढी'तल्या 'पे'च्या वरचा चुना गेला होता. तिथं कधीतरी कुणी विजेच्या तारेचं ब्रॅकेट ठोकलं होतं. तेवढा तुकडा नव्या चुन्यानं भरला.

पेढीचे मालक महांतेशअण्णा हत्तरगी. सत्तरीचे, कपाळाला विभूती, बोलणं कमी. बाईंनी दर्शनी पाटी वशाकडं दिली तेव्हा त्यांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "वसंता, वरची पाटी नीट झाली तर आतल्या चाळीस गाळ्यांच्या पाट्या तुलाच. नाही झाली तर फ्लेक्स आहेच."

वशाची पोरगी तेव्हा नर्सिंगला होती. चाळीस पाट्या म्हणजे तिचं वर्ष निघालं असतं. हे मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी म्हणायला नको की जंबूला माहीत नव्हतं.

आणि हेही सांगतो, फ्लेक्स माझ्याकडंच आले असते, पण मी त्यासाठी काही केलं नाही. हावरट माणूस परवडला, त्याचं पोट कधीतरी भरतं. जळणाऱ्याचं भरत नाही.

वशा परांचीवर चढला आणि गावाला तमाशा मिळाला. हळदीची पोती टाकायला आलेले शेतकरी गाडी थांबवून वर बघत बसायचे. चहावाल्यानं टपरी त्या बाजूला हलवली. मी रोज काही ना काही निमित्त काढून जायचो. मी खाली उभा राहून सूचना करायचो.

"वशा, 'रु' डावीकडं कलतोय रे!"

तो वळायचाही नाही.

"वशा, 'प्पा'ला पोट सुटलंय! मालकासारखं!"

हमाल हसायचे. वशा ब्रश उचलून एवढंच म्हणायचा, "जंब्या, जेवलास का?"

हेच मला सहन व्हायचं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी 'हत्तरगी' पूर्ण झालं. केतकरबाई समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वसंतकाका, मी पंधरा वर्षं हे काम करतेय. असं अक्षर नाही बघितलं." मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. माझ्या 'श्री'ला त्या 'छान आहे' म्हणाल्या होत्या.

घरी आलो. बायको म्हणाली, "तोंड का असं, खोबरं खवट निघाल्यासारखं?" मी जेवलो नाही.

दसऱ्याच्या सकाळी पाटी उघडायची ठरली. आदल्या दिवशी वशानं काम संपवलं, पुढं गोणपाटाचा पडदा सोडला. उद्घाटनाचा फ्लेक्स माझ्याकडं होता, म्हणजे मोजमापासाठी वर चढायला मला परवानगी होती. हेही विधिलिखितच म्हणायचं.

दुपारी एकला वशा सायकल काढून जेवायला गेला. गवंडी मागच्या अंगणात भाकरी सोडून बसले. बाई कुणाशी तरी फोनवर पुणेरी भांडत होत्या. मी टेप घेऊन परांचीवर चढलो, पडद्याच्या आत शिरलो, आणि दोन फूट अंतरावरनं ती अक्षरं बघितली.

काय सांगू. डिंकात कालवलेला गर्द निळा, खाली दुधासारखा चुना. 'श'चं पोट बघितलं आणि माझं बोट आपोआप हवेत तसं फिरलं. मास्तर असते तर अख्खं बंडल संपवलं असतं.

मग माझी नजर 'पेढी'वर गेली. 'पे'च्या डोक्यावरचा तो नवा चुना. मोकळा. तिथं पूर्वी काय होतं हे ठाऊक असणारं जिवंत माणूस गावात नव्हतं.

पेढी. एक टिंब, की पेंढी. कडब्याची.

मला एवढं हसू आलं की परांची हलली. नजरेसमोर आलं, दसऱ्याची सकाळ, अख्खी बाजारपेठ, अण्णा दोरी ओढतायत, आणि वर 'शिवरुद्राप्पा बाळाप्पा हत्तरगी यांची पेंढी'! त्याआधी एकदा मी एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर 'भावी आमदार'च्या जागी 'भावी जावई' छापलं होतं. ह्याच्यापुढं तो पोरखेळ.

वशाचा चपटा ब्रश डब्यात होता. उचलला, रंगात बुडवला, काठावर निथळला. टिंब म्हणजे नुसता गोल ठिपका नव्हे. जुन्या वळणाचं टिंब हिऱ्यासारखं असतं, चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखं. ब्रश तिरपा टेकवायचा, दाबायचा, किंचित ओढायचा आणि उचलायचा. दुसरा हात मारायचा नाही. मारला की मेलं. मास्तर म्हणायचे, अक्षर कुणीही घोटून घोटून काढेल, टिंबात माणूस सापडतो.

टेकवला, दाबला, ओढला, उचलला.

हात हलला नाही. एक केस बाहेर नाही. चारी कोपरे सुरीनं कापल्यासारखे. मी वाकून बघितलं, मागं सरून बघितलं. आयुष्यात असं टिंब मी दिलं नव्हतं. वशानंही दिलं नसेल. आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

खाली उतरताना मी शीळ वाजवत होतो, एवढं आठवतं.

दसऱ्याला बाजारपेठ भरली. झेंडूच्या माळा, सनई, फेटे. मी पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. वशा बाजूला खांबापाशी, लग्नातला कोट घालून. त्याची पोरगीही आली होती. अण्णांनी दोरी ओढली.

गोणपाट पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. आणि हमालांच्या घोळक्यातनं एकानं मोठ्यानं वाचलं, "हत्तरगी यांची... पेंढी?"

मग दुसरा ओरडला, "पेंढी आली रं, बैलं सोडा!"

जी हसाहस सुटली! सनईवाल्याची सनई चुकली. एक व्यापारी तर फेटा धरून खाली बसला. मी इतका हसलो की डोळ्यांतनं पाणी. मला आयुष्यात एवढं यश कधी मिळालं नव्हतं.

अण्णांनी चष्मा पुसला, परत घातला, परत वाचलं. "वसंता, हे काय लिहिलंयस?"

केतकरबाई मधे पडल्या. "अण्णा, जुन्या लेखनात असे अनुस्वार असायचे. खाली 'येथें'वर बघा..."

"मॅडम," वशा म्हणाला, "पेढीवर टिंब कधीच नव्हतं. जुन्या काळी पण नाही. ते चुकीचं आहे."

त्यानं टिंबाकडं बघितलं. मग सावकाश गर्दीवरनं नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मी हसता हसता थांबलो.

"मग दिलं कुणी?" अण्णा.

"पाटी माझी," वशा म्हणाला. "म्हणजे चूक माझी."

अण्णांचं बोलणं तसंही कमी. ते माझ्याकडं वळले. "जंबू, आतल्या चाळीस पाट्या फ्लेक्सच्या कर. महिन्यात पाहिजेत."

वशाच्या पोरीनं बापाचा कोट धरला. मी तिच्याकडं बघितलं नाही. खरं तर तिथंच सगळं संपलं असतं. मी 'हो अण्णा' म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण माझ्या मागं मारुती पेंटर उभा होता, रिटायर झालेला म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू. तो शेजाऱ्याला म्हणाला,

"चूक असंल बाबा. पण टिंब काय दिलंय बघ! अख्ख्या पाटीत तेवढंच बघावं. वशाचाच हात पाहिजे असल्या टिंबाला."

शेजारी म्हणाला, "व्हय, वशाच तो."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

"माझं हाय ते!" मी ओरडलो. "टिंब माझं हाय! वशाचं न्हाई! काल दुपारी मी दिलंय!"

आणि परत हसाहस, आधीपेक्षा मोठी.

"बस की जंब्या! आता ह्याचंपण श्रेय तुलाच होय?"

"अरं, तुझ्या हाताला सरळ रेघ येईना, टिंब कुठलं देतोस!"

"त्याचा 'श्री' बघितलाय मॅडमनी! विचारा की!"

बाईंनी खाली बघितलं. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"शप्पथ!" मी म्हटलं. "महावीराची शप्पथ! वशा, सांग की लेका, माझं हाय म्हणून!"

वशानं कोटाचं बटण लावलं. नुसता बघत होता.

"मग दाखव देऊन," हमाल म्हणाले. शिडी लावली गेली. कुणीतरी ब्रश हातात दिला, कुणी डबा. दोनशे माणसं खाली, आणि मी वर, 'ढी'च्या समोर. चांगलं दिलं तर गावासमोर चोर ठरणार होतो. वाईट दिलं तर खोटारडा. देवाशपथ सांगतो, त्या वेळी मला एकच वाटत होतं, चोर ठरू दे, पण टिंब चांगलं येऊ दे.

टेकवला. दाबला. हात शिवणयंत्रासारखा हलला. टिंबाचा झाला लाडू, लाडवाला फुटला ओघळ, आणि ओघळ 'ढी'च्या पोटात उतरला.

त्यानंतरचं हसणं मी वर्णन करणार नाही. माझं मलाच लागतं.

खाली उतरलो. अण्णा मात्र हसत नव्हते. ते जवळ आले आणि हळू म्हणाले, "जंबू, पन्नास वर्षं मी सौद्याला बसतोय. रुमालाखाली हात घेऊन, बोटं दाबून भाव ठरतो आमचा. तोंड बघून माणूस ओळखायला लागतं. खोटं कबूल करणारा खाली बघतो. तू मघाशी टिंबाकडं बघत होतास, बाळंतीण पोराकडं बघते तसं." मग मोठ्यानं म्हणाले, "टिंब ह्याचंच आहे. वसंता, ते पूस, आणि आतल्या पाट्या तुझ्याच."

"मी एकटा नाही करणार," वशा म्हणाला. "महिन्यात चाळीस नाही व्हायच्या. जंब्या हाताखाली पाहिजे."

"हाताखाली?" मी म्हटलं.

"हाताखाली," अण्णा म्हणाले. "नाहीतर पोलिसात जातो."

वशा शिडीवर चढला. ओलं फडकं घेतलं आणि माझं टिंब पुसलं. आधी लाडू, मग ते. ते पुसताना त्यानं जरा जास्तच वेळ घेतला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश. मग वर चुन्याचा हात मारला. खाली आला तेव्हा चेहरा असा, जसं पुरणपोळी खाऊन उठलाय.

लोक पांगले. आम्ही दोघं चहाच्या टपरीवर बसलो. मी म्हटलं, "वशा, तुला ठाऊक होतं. तू काल जेवून परत आलास, वर चढलास. दिसलं असणार."

"दिसलं."

"मग पुसलं का न्हाईस? पोरीचं वर्ष पणाला लावलंस, येड्या?"

वशानं चहा बशीत ओतला. फुंकर घातली. इतक्या वर्षांत मी त्याला चिडलेला बघितला नव्हता, तो त्या दिवशी बघितला.

"पुसणारच होतो. फडकं हातात घेतलं होतं. मग नीट बघितलं." बशी खाली ठेवली. "मी बारा दिवस मरमर करतो, आणि तू येऊन, मस्करीत, जेवणाच्या सुट्टीत, असलं टिंब देऊन जातोस! लहानपणापासून तेच. मास्तर तुझी अर्धी बिडी का विझवायचे ठाऊक आहे? म्हणायचे, 'ह्या गाढवाला देवानं हात दिलाय, आणि ह्याला त्याची किंमत नाही, मला बघवत नाही.' मला म्हणायचे हे. मला!"

मी माझी बशी खाली ठेवली.

"जळलो रे मी, जंब्या. म्हटलं, पुसलं तर फक्त मला एकट्याला कळणार. राहू दे. उद्या अख्ख्या गावाला हसू दे ह्याच्या टिंबावर. आमचं काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि पुसताना?"

"मजा आली," वशा म्हणाला.

दोघंही हसलो. पण पूर्ण नाही.

अण्णांनी महिन्याचे चार महिने करून दिले, आणि तेवढे दिवस माझ्या दुकानाला दुपारनंतर कुलूप. वशा अक्षरं काढायचा, मी खाली रंग कालवायचो, आणि पाटीवर जिथं टिंब असेल तिथं मला वर बोलवायचा. भांडार, कंपनी, बंधू, चंदन, सुगंधी. व्यापाऱ्यांच्या पाट्यांत टिंबं भरपूर. पहिल्या दोन पाट्यांवर माझा हात थरथरला. तिसरीला वशानं युक्ती काढली. मी ब्रश टेकवायच्या आधी म्हणायचा, "जंब्या, हा 'भ' बघितलास? मास्तर असते तर रडले असते. तुला जन्मात जमणार नाही." माझ्या अंगाची लाही व्हायची, आणि हात दगडासारखा थिर. टेकवला, दाबला, ओढला, उचलला.

सदतीस पाट्यांवर त्यानं मला असं जाळलं. दर वेळी नवीन शोधून काढायचा, शिव्या संपल्या नाहीत गड्याच्या.

चाळिसावी पाटी औषधाच्या गाळ्याची होती. 'शांती मेडिकल'. पोरीची फी आदल्याच दिवशी भरून झाली होती. मी ब्रश भिजवला, 'शा'वर नेला, आणि वाट बघत थांबलो. वशा काही बोलेना.

"बोल की लेका," मी म्हटलं. "हात सुकायला लागला."

वशानं बिडी पेटवली. मास्तरांनंतर त्यानं कधी बिडी ओढलेली मी बघितली नव्हती.

"काय बोलू?" तो म्हणाला. "तुझं टिंब माझ्यापेक्षा चांगलं असतं. कायमच होतं."

आज पंधरा वर्षं झाली. शांती मेडिकलमधे गोळ्या घ्यायला गेलात तर वर बघा. 'शां'वरचं टिंब वाकडं आहे.